दोन खुणांची विद्या

दापोलीहून समुद्राकडे उतरणारी वाट जेथें संपते तेथें मुरुड हें गांव आहे. नारळी-पोफळींचीं आगरें, दुर्गादेवीचें देऊळ आणि आगरांपलीकडे दूरवर पसरलेली पुळण, एवढें म्हटलें म्हणजे ज्यांनीं तें गांव पाहिलें आहे त्यांच्या डोळ्यांपुढें तें उभें राहील. तेथें आमच्या एका आप्तांच्या घरीं माळ्यावर एक जुनी लांकडी पेटी होती. घराची डागडुजी निघाली तेव्हां ती खालीं आणून उघडण्यांत आली. आंत दोन वस्तू निघाल्या, आणि त्या दोन वस्तूंनींच आजच्या भाषणाचा विषय मला दिला.

पहिली वस्तु म्हणजे मोडी लिपींतील कागदांचें एक लहानसें दप्तर. दुसरी म्हणजे तळहातांत मावेल एवढी काळी, चौकोनी फ्लॉपी. मोडी कागदांत काय आहे हें कोणालाच सांगतां येईना, कारण घरांत मोडी वाचणारें माणूस उरलें नव्हतें. फ्लॉपीवर काय आहे हें मात्र सर्वांना ठाऊक होतें. घरांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं १९९५ च्या सुमारास आपल्या आयुष्यांतील आठवणी संगणकावर मराठींत टंकलिखित करून तिच्यावर ठेविल्या होत्या. मोठ्या खटपटीनें ती वाचणारें यंत्र मिळविलें, आणि पडद्यावर उमटलें काय, तर रोमन अक्षरें, कंस, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हें यांची अर्थहीन खिचडी! घरांतील वृद्ध काकू म्हणाल्या, "अहो, हें तर मोडीपेक्षांहि मोडलेलें दिसतें."

सर्वजण हंसले, परंतु हंसणें ओसरल्यावर एक प्रश्न मनांत राहिलाच. मोडी कागदांवरील शाई पुसली नव्हती. फ्लॉपीवरील चुंबकीय खुणाहि जागच्या जागीं होत्या. खुणा सर्व शाबूत होत्या आणि तरीहि लेखन नाहींसें झालें होतें. मग हरवलें तें नेमकें काय? या प्रश्नाचें उत्तर हवें असेल तर, ज्या दोन खुणांवर आजचीं सर्व गणकयंत्रें चालतात, त्या खुणांचें स्वरूप आणि त्यांचा इतिहास आपण पाहिला पाहिजे.

आरंभ मुरुडच्याच एका प्रसंगानें करूं. महर्षि धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे. १८७५ सालीं सरकारी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसण्याकरितां ते कांहीं सोबत्यांसह पायीं साताऱ्यास गेले. मुरुडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास जावयाचें म्हणजे शंभराहून अधिक मैलांची पायपीट. परीक्षेस बसणाऱ्याचें वय सतरा वर्षांचें हवें, असा नियम होता. तेथील अधिकाऱ्यांनीं त्यांची लहानखुरी चण पाहिली आणि वय भरत नाहीं असें ठरवून त्यांना परत पाठविलें. एवढा घाट ओलांडून त्या मुलानें साताऱ्याहून आणलें काय? एक शब्द: "नाहीं".

श्रोतेहो, ज्याला आज 'बिट' म्हणतात तो हाच. एका प्रश्नाचीं दोनच उत्तरें संभवत असतील आणि दोहोंचा संभव सारखाच असेल, तर उत्तर मिळाल्यानें आपल्या ज्ञानांत जी भर पडते ती एक बिट. होय किंवा नाहीं, दिवा लागलेला किंवा विझलेला, नाणें छापाकडून किंवा कांट्याकडून. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं संदेशवहनाच्या गणितावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, त्यांत हा शब्द ज्ञानाचें परिमाण म्हणून प्रथम छापला गेला. 'बायनरी डिजिट' या दोन शब्दांचा संक्षेप करून तो जॉन ट्युकी या दुसऱ्या गणितज्ञांनीं सुचविला होता, असें शॅनन यांनीं तेथेंच नमूद केलें आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी. बिट हें संदेशाच्या लांबीरुंदीचें माप आहे, त्याच्या मोलाचें नव्हे. साताऱ्याचा तो "नाहीं" मापानें एकच बिट. पण ज्याला तो ऐकावा लागला त्याच्या मनावर त्याचें ओझें किती झालें असेल, हें कोणतेंहि गणित सांगूं शकत नाहीं. शॅनन यांनींहि स्पष्टच म्हटलें होतें कीं, संदेशाचा अर्थ हा आपल्या शास्त्राचा विषय नाहीं. ही मर्यादा त्या शास्त्राचें बळ आहे आणि त्याची उणीवहि आहे. आमच्या पेटीचें कोडें याच ठिकाणीं सुटणार आहे.

एका प्रश्नानें दोन शक्यतांतून एक निवडतां येते. दोन प्रश्नांनीं चारांतून, तीन प्रश्नांनीं आठांतून. प्रत्येक नव्या प्रश्नासरशीं शक्यतांची संख्या दुप्पट होते. वीस प्रश्न नीट विचारले तर १०,४८,५७६ वस्तूंतून एक नेमकी वस्तु हुडकून काढतां येते. दोनच खुणांत एवढें सामर्थ्य कोठून आलें, याचें उत्तर या दुपटीच्या वाढींत आहे.

आपल्या आजीपणजींना ही दुप्पट चांगली परिचित होती. दोन चिपट्यांचें एक मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. वजनांतहि तोच प्रकार: छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर, प्रत्येक पुढचें वजन मागच्याच्या दुप्पट. आतां वाण्याच्या तागडीजवळ हीं पांच वजनें एकेकच ठेविलीं आहेत अशी कल्पना करा. त्यांनीं एक छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत कोणतेंहि वजन पुरें करतां येतें. तेरा छटाक साखर हवी असेल तर अच्छेर, पावशेर आणि छटाक हीं तीन वजनें पारड्यांत घालावींत. शेर आणि नवटाक बाहेर राहूं द्यावींत. घातलेल्या वजनाला १ आणि न घातलेल्याला ० असें म्हटलें, तर मोठ्या वजनाकडून लहानाकडे ०११०१ हा आंकडा तयार होतो. तेरा ही संख्या द्विमान पद्धतींत याचप्रमाणें लिहितात. वाण्याला शास्त्र ठाऊक नव्हतें. पण त्याच्या हाताला तें येत होतें.

रुपयाचीहि गोष्ट निराळी नव्हती. सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. एकाची सहा वेळां दुप्पट केली कीं चौसष्ट होतात. १ एप्रिल १९५७ रोजीं आपल्या देशानें दशमान नाणीं सुरूं केलीं आणि ही अर्ध्या-पाव्याची परंपरा मोडली. व्यवहाराच्या सोयीसाठीं तें योग्यच झालें. मौज एवढीच कीं, ज्या वर्षांत आपण बाजारांतून दोनाच्या पटीला निरोप देत होतों, त्याच वर्षांत मुंबईंतील एका प्रयोगशाळेंत तीच दोनाची पट नव्या यंत्राच्या पोटांत आसन मांडून बसत होती. त्याची हकीकत पुढें येईल.

शास्त्र म्हणून दोन खुणांचा विचार आपल्याकडे प्रथम झाला तो बाजारांत नव्हे, तर काव्याच्या घरांत. पद्याचें अक्षर एक तर लघु असतें, नाहीं तर गुरु. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तिसरा प्रकार नाहीं. तीन अक्षरांचा एक गण. आणि प्रत्येक अक्षराला दोन शक्यता असल्यामुळें गण आठ होतात. 'यमाताराजभानसलगा' हें सूत्र शाळेंत आपण सर्वांनींच घोकलेलें आहे. इसवी सनापूर्वीच्या काळांत होऊन गेलेल्या पिंगलाचार्यांनीं आपल्या छंदःशास्त्रांत केवळ गण सांगून विषय सोडला नाहीं. अक्षरांची संख्या दिली असतां लघुगुरूंचे एकंदर प्रकार किती होतील, ते कोणत्या क्रमानें मांडावे, क्रमांक दिला असतां प्रकार कसा काढावा आणि प्रकार दिला असतां क्रमांक कसा काढावा, हे सर्व प्रश्न त्यांनीं सूत्रबद्ध केले. दहाव्या शतकांत हलायुधानें त्यांवर टीका लिहून ते विशद केले.

उदाहरण घरचेंच घेऊं. तीन अक्षरांच्या प्रस्तारांत सहाव्या क्रमांकावर कोणता गण येतो? रीत अशी: संख्या सम असेल तर लघु लिहून तिची निमपट करावी, विषम असेल तर गुरु लिहून, तींत एक मिळवून मग निमपट करावी. सहा सम आहे, म्हणून लघु, निमपट तीन. तीन विषम, म्हणून गुरु. एक मिळवून निमपट दोन. दोन सम, म्हणून पुन्हां लघु. लघु, गुरु, लघु. म्हणजे ज गण. आतां लघूला १ आणि गुरूला ० मानून आपल्या गांवांचीं नांवें लिहून पाहा. दापोली या शब्दांत तिन्ही गुरु, म्हणजे ०००. तो प्रस्तारांतील पहिला, म गण. मुरुड हा शब्द ऱ्हस्व रु देऊन लिहिला तर तिन्ही लघु, म्हणजे १११. तो आठवा आणि शेवटचा, न गण. तोच कोणी दीर्घ रू देऊन मुरूड असा लिहिला, तर १०१ होऊन आतांच काढलेला ज गण होतो. एका ऱ्हस्वदीर्घानें गांव आठव्या घरांतून सहाव्या घरांत जातें!

पण येथें थोडें थांबलें पाहिजे. पिंगलाचें नांव निघालें कीं, संगणक आमच्या पूर्वजांनीं दोन हजार वर्षांपूर्वींच शोधून काढला, असें म्हणणारी मंडळी आजकाल भेटतात. अशा बोलण्यानें पूर्वजांचा गौरव होत नाहीं. उलट त्यांनीं खरोखर जें केलें तें झांकलें जातें. पिंगलानें दोन खुणांच्या सर्व रचना मोजल्या, त्यांना क्रम लाविला, आणि क्रमांकावरून रचना काढण्याची निमपटीची रीत सांगितली. हें लहानसहान कर्तृत्व नव्हे. परंतु व्यवहारांतील संख्या या दोन खुणांनीं लिहाव्या, त्यांची बेरीज-गुणाकार करावा, हा विचार तेथें नाहीं. आणि यंत्राचा तर प्रश्नच नव्हता. त्याचें काम वृत्तें मोजण्याचें होतें आणि तें त्यानें पूर्णत्वास नेलें.

शून्य आणि एक एवढ्याच अंकांनीं सर्व गणित करण्याची पद्धति जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांनीं १६७९ सालीं कागदावर मांडली आणि १७०३ सालीं पॅरिसच्या विज्ञानसंस्थेच्या ग्रंथांतून प्रसिद्ध केली. त्या निबंधांत त्यांनीं या पद्धतीचा जो एक उपयोग सांगितला तो ऐकून आपल्या वाण्याला समाधान वाटलें असतें: थोड्या वजनांनीं अनेक भार तोलतां येतील आणि थोड्या नाण्यांनीं अनेक किंमती चुकवितां येतील! चिनी लोकांच्या प्राचीन अखंड व खंडित रेषांच्या आकृतींत आपलेंच द्विमान गणित दडलें आहे, असेंहि लायब्निट्स यांना वाटलें. प्राचीनांत अर्वाचीन पाहण्याचा मोह एवढ्या मोठ्या पुरुषालाहि आवरला नाहीं. मग आपल्या मंडळींना एकट्यांनाच दोष कां द्यावा?

पुढची पायरी इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांची. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं तर्कशास्त्राला बीजगणिताचें रूप दिलें. विधान सत्य असेल तर १, असत्य असेल तर ०. आणि 'आणि', 'किंवा', 'नाहीं' या शब्दांचीं कामें गणिताच्या चिन्हांनीं करावयाचीं. तेव्हां हें एक बुद्धिविलासाचें साधन वाटलें. सुमारें ऐंशी वर्षांनंतर, १९३७ सालच्या आपल्या प्रबंधांत, विद्यार्थिदशेंतील शॅनन यांनीं दाखवून दिलें कीं, विजेच्या मंडलांतील उघडझांप करणाऱ्या कळा बूल यांच्या याच नियमांनीं वागतात. एकामागें एक जोडलेल्या दोन कळा म्हणजे 'आणि'. शेजारीं शेजारीं जोडलेल्या दोन कळा म्हणजे 'किंवा'. ज्या क्षणीं हें उमगलें, त्या क्षणीं विचार करण्याचे नियम तारांत गुंफतां येऊं लागले.

आरंभींचीं सर्वच यंत्रें मात्र द्विमान नव्हतीं. १९४६ सालीं अमेरिकेंत लोकांपुढें आलेलें एनियॅक हें प्रचंड यंत्र दहा अंकांच्याच पद्धतीनें हिशेब करीत असे. विजेच्या एका दाबाच्या दहा पायऱ्या ओळखावयाच्या तर थोड्या चढउतारानें सातचे आठ होण्याची भीति. दोनच अवस्था ठेविल्या तर घोटाळ्याला जागा फार थोडी. दिवा मंद आहे कीं अतिमंद आहे, यावर दोघांचें एकमत होणार नाहीं. पण लागला आहे कीं विझला आहे, यावर होईल. म्हणून पुढील यंत्रें दोन खुणांकडे वळलीं.

आतां आपल्या प्रांताकडे परत येऊं. कर्वे यांनीं १८९१ पासून १९१४ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकविलें. लोकमान्य टिळकांनीं सोडलेली ती जागा होती. आणि टिळकांचें मूळ गांव चिखलगांव हेंहि दापोली तालुक्यांतलेंच. त्याच किनाऱ्यावरच्या मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें गणितांत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले आणि पुढें त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच महाविद्यालयांत पुढें गणिताचे अध्यापक असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यांतील कोसबें गांवीं १९०७ सालीं जन्मलेले. १९४५ सालीं ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गेले, आणि १९४८-४९ मध्यें युनेस्कोचे अधिछात्र म्हणून इंग्लंड-अमेरिकेंत जाऊन तेथील नव्या गणकयंत्रांचा त्यांनीं अभ्यास केला.

याच टाटा संस्थेंत मुंबईस आपल्या देशांतील पहिलें स्वदेशीं बांधलेलें मोठें इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आकारास आलें. त्याची प्रायोगिक आवृत्ति १९५६ सालीं चालूं झाली, पूर्ण यंत्र १९६० सालीं कामास लागलें, आणि १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याचा एक 'शब्द' चाळीस बिटांचा. म्हणजे अशा एका शब्दाच्या एक लक्ष नऊ हजार कोटींहून अधिक निरनिराळ्या रचना होऊं शकत. लोखंडी क्षारांच्या बारीक कड्यांनीं बनलेल्या त्याच्या स्मृतींत असे २,०४८ शब्द रहात. एकेक कडें एका दिशेनें किंवा उलट दिशेनें चुंबकित झालेलें. एकेक कडें एकेक बिट. एकूण ८१,९२० कडीं. आजच्या संकेतानें देवनागरीचें एक चिन्ह साठविण्यास चोवीस बिट लागतात. त्या हिशेबानें त्या सबंध यंत्रांत ३,४१३ चिन्हें मावलीं असतीं. माझें हें भाषणहि त्यांत पुरें बसलें नसतें.

कर्वे यांचा जन्म १८५८ चा, बूल यांच्या ग्रंथानंतर चारच वर्षांनीं झालेला. त्यांचें निधन ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, टिफ्रॅकचें बारसें झालें त्याच वर्षीं. एका माणसाच्या आयुष्याच्या दोन टोकांमध्यें ही सारी वाटचाल बसते, हें ध्यानांत आलें म्हणजे काळाची गति कळते.

आतां पेटीच्या कोड्याकडे वळूं. यंत्रांत अक्षर नसतें. असतात त्या फक्त दोन खुणा. आठ बिटांच्या समूहास 'बाइट' म्हणतात. हें नांव १९५६ सालीं व्हेर्नर बुकहोल्ट्स यांनीं दिलें. एका बाइटच्या २५६ रचना होतात. पण कोणती रचना म्हणजे कोणतें अक्षर, हें खुणांच्या अंगावर कोठेंहि लिहिलेलें नसतें. तें माणसांनीं आपसांत ठरवावयाचें असतें. ०१०० ०००१ या आठ खुणा म्हणजे पासष्ट ही संख्या समजावी, कीं रोमन लिपींतील पहिलें अक्षर समजावें, कीं एखाद्या चित्रांतील करड्या ठिपक्याची छटा समजावी? खुणा तिन्ही ठिकाणीं त्याच. अर्थ खुणांत नसतो. तो संकेतांत असतो.

अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या सात बिटांच्या संकेतांत १२८ जागा होत्या. त्यांत देवनागरीला एकहि जागा नव्हती. म्हणून पुष्कळ काळ आपल्याकडे अशी युक्ति चाले कीं, यंत्राच्या समजुतीप्रमाणें अक्षर रोमनच ठेवावयाचें, फक्त त्याचें चित्र मराठी काढावयाचें. प्रत्येक अक्षरवळणाची जुळणी वेगळी. तें वळण यंत्रांत असेपर्यंत मराठी दिसे; तें गेलें कीं मागें उरे ती रोमन खिचडी. आमच्या आप्तांच्या आठवणींचें झालें होतें तें हेंच. सर्व भारतीय लिपींना समान असा आठ बिटांचा प्रमाणित संकेत १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेनें प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिपींना एका छत्राखालीं आणूं पाहणाऱ्या 'युनिकोड' या संकेताची पहिली आवृत्ति निघाली. तिच्यांत देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतच्या १२८ जागा मिळाल्या. म हें अक्षर २३५० व्या घरांत राहतें. मराठींतील ॲ या अक्षराला स्वतःचें घर मिळावयास मात्र २००८ साल उजाडावें लागलें, आणि मोडी लिपीला २०१४.

आतां आपलें गांव यंत्राला कसें दिसतें तें पाहा: म २३५०, ऱ्हस्व उकार २३६९, र २३५२, पुन्हां उकार २३६९ आणि ड २३३७. पांच संख्या, आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या लेखनरीतीनें पंधरा बाइट, म्हणजे एकशें वीस बिट. दीर्घ ऊकाराचें घर २३७०. तें ऱ्हस्वाच्या शेजारचेंच. तरीहि द्विमान पद्धतींत लिहिलें तर शेवटचे ०१ जाऊन १० येतात. म्हणजे मुरुड आणि मुरूड यांत दोन बिटांचा फरक. माणसाला दोन्ही नांवें एकाच गांवाचीं. पण यंत्राच्या सूचींत एक शोधूं गेल्यास दुसरें सांपडेलच असें नाहीं. शुद्धलेखनाचा आग्रह हा पंतोजींचा छंद आहे असें म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

एखादी खूण मार्गांत बिघडली तर काय? म या अक्षराची शेवटची खूण ० ची १ झाली तर त्याचा य होतो, आणि मुरुडचें युरुड होतें. यावरचा उपाय आपल्या हिशेबनिसांना माहीत होता. त्याला पडताळा म्हणतात. सोळा खुणांत १ किती आहेत तें मोजावें. संख्या सम असेल तर शेवटीं आणखी एक ०, विषम असेल तर १ जोडावा. म मध्यें सहा एक आहेत. एक बिघडून सात झाले कीं घेणाऱ्याला चूक कळते. १९५० सालीं रिचर्ड हॅमिंग यांनीं याच्याहि पुढें जाऊन, चूक कोठें झाली तें सांगणारी आणि ती सुधारणारी रीत प्रसिद्ध केली. मला येथें पुन्हां वृत्तांची आठवण होते. आर्या म्हणतांना एक मात्रा कमी पडली कीं अर्थाकडे लक्ष नसलेल्या श्रोत्याचाहि कान टवकारतो. छापखाना नसलेल्या शतकांत पाठांतरानें आलेलें काव्य पुष्कळ अंशीं शुद्ध राहिलें, त्याचें एक कारण हें कीं वृत्त हाच त्याचा पडताळा होता.

आमच्या पेटीचा शेवट सांगून हें भाषण पुरें करतों. मोडीचे कागद एका जाणकारांना दाखविले. त्यांनीं ते सहज वाचले. निघालें काय, तर आगराच्या वाटणीचा आणि भाताच्या मापांचा हिशेब: इतक्या पायल्या, इतके शेर, इतकीं मापटीं. राजकारण नाहीं, खजिना नाहीं. पण आपलें घर कोणाच्या घामावर उभें राहिलें, हें त्या कुटुंबाला त्यांतून कळलें. फ्लॉपीचें काम घरांतील एका नातवानें अंगावर घेतलें. त्या गृहस्थांनीं कोणतें अक्षरवळण वापरलें होतें तें त्यानें छापील प्रतीच्या एका उरलेल्या पानावरून ताडलें. रोमन चिन्ह आणि मराठी अक्षर यांचें कोष्टक हातानें तयार केलें. आणि तीन रात्री खपून सर्व मजकूर आजच्या संकेतांत आणला. पहिलें वाक्य पडद्यावर आलें तेव्हां काकूंनीं चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, "बोलतात अगदीं तसेच." आजोबांना जाऊन तेव्हां बरींच वर्षें झालीं होतीं.

तेव्हां हरवलें होतें तें काय? खुणा नव्हेत, तर खुणांचा करार. मोडीचा करार दोन पिढ्यांत विसरला गेला. फ्लॉपीचा एका पिढीच्या आंत. यंत्र जितकें वेगवान, तितका त्याचा करार अल्पायुषी, असा हा अनुभव आहे. म्हणून ज्यांच्या घरीं जुन्या संगणकांवर, जुन्या अक्षरवळणांत मराठी मजकूर पडून आहे, त्यांनीं तो वाचणारे लोक आणि यंत्रें आहेत तोंवर सर्वमान्य संकेतांत आणून ठेवावा; त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या; आणि जमल्यास एक प्रत कागदावर छापून त्याच पेटींत टाकावी. ज्यांच्या घरीं मोडी दप्तरें आहेत त्यांनीं घरांतील एका तरी मुलाला मोडी शिकवावी.

त्या छापील पानाच्या मागें त्या नातवानें आपलें कोष्टकहि शाईनें लिहून ठेविलें आहे. पेटी पुन्हां माळ्यावर गेली आहे. पुढच्या वेळीं जो कोणी ती उघडील, त्याला खुणा आणि त्यांचा करार, दोन्ही एकत्र मिळतील.